गंगेवरचा अख्खा दिवस: आता पोरांना कुठं न्यावं?

नाथगल्ली

मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पैठणला येतोय. सोबत आई, दोघी बहिणी, त्यांची पोरं, माझी पोरं, म्हणजे एक टेम्पो ट्रॅव्हलर भरेल एवढी माणसं. मला या सगळ्यांना एक पूर्ण दिवस गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर न्यायचंय. देवदर्शन, चार फोटो, हॉटेलात जेवण आणि परत, असं नको. सकाळी जायचं, शिदोरी तिथंच सोडायची, पोरांनी वाळूत लोळायचं आणि दिवस मावळला की घरी यायचं.

आमच्या लहानपणी यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यात काका औरंगाबादहून लाल एसटीनं यायचे. बिडकीन, ढोरकीन मागं पडलं की चुलत भावंडं धरणाची भिंत कुणाला आधी दिसते याची पैज लावायची. दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळं घर घाट उतरून खाली. आईच्या डोक्यावर दशम्या-धपाट्यांचं टोपलं, मोठ्या आईच्या हातात दह्याचं मडकं, आमच्याकडं सतरंजी आणि कांदे. पात्रात पाण्याची एक धार आणि बाकी सगळं वाळवंट. आबा वाळूत हातानं झिरा खणायचे. आधी गढूळ पाणी यायचं, ते दोनदा उपसून टाकलं की नितळ पाणी भरायचं. वाटीवाटीनं ते प्यायचं. त्या पाण्याची चव मी अजून कुठल्याही बाटलीत शोधतोय. उन्हं चढली की घाटाच्या सावलीत मोठी माणसं लवंडायची, आम्ही पाण्यात. संध्याकाळी तसंच ओल्या कपड्यांनी ज्ञानेश्वर उद्यानात, रंगीत कारंजी बघायला.

मागच्या वर्षी एकटा येऊन गेलो. घाट आहे, पाणीही आहे. वाळू मात्र जवळजवळ नाही. म्हणून विचारतोय, पैठण ते धर्माबाद या पट्ट्यात गंगेवर असा दिवस घालवता येईल अशी जागा आता कुठं उरलीय? आणि कधी यावं?

जनीचं_खेड

सरळ गंगाखेडला या. संत जनाबाईंचं गाव, घाट आहेत, देवळं आहेत, आणि दक्षिण काशी आहे. आमच्याकडं पूर्वी सोमवती अमावास्येला सगळा तालुका गंगेवर लोटायचा. माझे आजोबा बैलगाडी पात्रात उतरवायचे, बैलांना धुवायचे, मग आम्हाला. बैलांचा नंबर आधी असायचा हे आम्हाला कधी खटकलं नाही.

नाथगल्ली

@जनीचं_खेड, नक्की येईन. पण दक्षिण काशी पैठण आहे. एवढं एक नोंदवून ठेवतो.

जनीचं_खेड

अस्थी घेऊन आमच्या भागातली माणसं कुठं येतात ते बघा आणि मग बोला :)

बंदाघाट

तुम्ही दोघं काशीचा निकाल लावा, तोवर आम्ही नांदेडकर लंगरमध्ये जेवून घेतो.

गंमत सोडा, आमचा गंगेवरचा दिवस असाच असायचा. सकाळी सचखंड गुरुद्वारात मत्था टेकायचा, लंगरमध्ये डाळ-रोटी आणि खीर, मग चालत नगीनाघाट नाहीतर बंदाघाट. आमचं कुटुंब देशस्थ ब्राह्मण, शेजारचे सरदारजी, त्यांच्या पलीकडचे मोमीन. तिन्ही घरची पोरं एकत्र निघायची. गुरू गोविंदसिंहजी १७०८ साली इथंच गंगेकाठी राहिले हे आम्हाला शेजारच्या बीजींनी सांगितलं, शाळेत फार नंतर कळलं. २००८ च्या गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी घाट नवे झाले. आता दिवाळी पहाटेचं गाणं बंदाघाटावर होतं, तेव्हा तुमची तारीख जुळत असेल तर एक पहाट इकडं काढा. वाळू मिळणार नाही, पण पायऱ्यांवर बसून पाण्याकडं बघत गाणं ऐकायला आईंना आवडेल.

पूर्णा_जंक्शन

आम्ही रेल्वे क्वार्टरमधली पोरं. आमचा गंगेचा दिवस म्हणजे परळीची गाडी पकडून वैजनाथाला जाणं. गंगाखेडजवळ गाडी पुलावर आली की सगळा डबा उठून खिडकीशी. माय प्रत्येकाच्या हातावर पाच पैसे ठेवायची आणि म्हणायची, गंगामायला दे. पैसा टाकायचा आणि खाली पाण्यात वर्तुळ उमटतं का ते बघायचं. उन्हाळ्यात पाणी नसायचं तेव्हा खाली वाळूत पोरं पैसे वेचताना दिसायची. आम्हाला त्यांचा फार हेवा वाटायचा.

जनीचं_खेड

@पूर्णा_जंक्शन, ती पोरं आम्हीच. धन्यवाद. पोहोचले सगळे.

पूर्णा_जंक्शन

😂😂 माझ्या मायला आज हे वाचून दाखवतो.

वाकळ

सगळ्यांच्या आठवणीत आई फक्त टोपलं घेऊन चालताना दिसते, म्हणून थोडं लिहिते.

आमच्याकडं गंगेवरचा मोठा दिवस म्हणजे दसरा काढायचा दिवस. घटस्थापनेच्या आधी घरातली एकूणएक वाकळ, चादर, पडदा, सतरंजी बैलगाडीत भरायची आणि गंगेवर न्यायची. घरात एकही कपडा न धुता राहिला तर घट बसवायचे कसे? आजी, आई, दोन काकू, आम्ही मुली. पहाटे चारला उठून आईनं भाकरी थापलेल्या असायच्या. नदीवर पोहोचल्यावर तिचं काम संपायचं नाही, सुरू व्हायचं. भिजलेली वाकळ किती जड होते हे ज्यांनी उचलली त्यांनाच ठाऊक. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. सोड्यानं हातांची सालं निघायची.

तरीही आई सांगते, वर्षातला तिचा सगळ्यात आवडता दिवस तोच. कारण त्या दिवशी घरातला एकही पुरुष बरोबर नसायचा, गाडी सोडून गडी परत जायचा. धुणं झालं की वाळूवर वाकळा पसरायच्या, लांबपर्यंत, लाल, हिरव्या, ठिगळाठिगळांच्या. त्या वाळेपर्यंत बायका पाण्यात उतरायच्या. माझी आजी, जिनं घरात कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, ती गळ्यापर्यंत पाण्यात बसून गाणी म्हणायची. नंतर भाकरी, कारळाची चटणी, कांदा आणि आपल्या पायांनी चालत जाऊन वाडीवाल्याकडून आणलेली काकडी. कुणाला वाढायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही, सगळ्याजणी एकदम जेवायला बसलेल्या.

तेव्हा @नाथगल्ली, आईंना घेऊन येताय तर त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांच्याकडून करून घेऊ नका. विकत घ्या, नाहीतर तुम्ही भाऊबहीण मिळून करा. त्यांना आधी पाण्यात पाय सोडून बसू द्या.

नाथगल्ली

@वाकळ, आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, आमच्यावेळी पण असंच होतं, फक्त आमची जागा नागघाटाच्या पुढं होती. मला हे आज पहिल्यांदा कळलं. धपाटे आम्ही करू.

धपाटे_दही

धपाटे तुम्ही करणार हे वाचून काळजी वाटली म्हणून लिहितोय. ज्वारीचं पीठ जास्त, त्यात थोडी कणीक आणि थोडं बेसन. लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर वाटून घाला, तीळ वरून. पाणी घालून जरा सैलच भिजवा. पोळपाटावर ओलं फडकं, त्यावर थापायचं, मधे भोक पाडायचं आणि फडक्यासकट तव्यावर उलटं टाकायचं. लाटू नका. लाटला की तो धपाटा नाही. आणि प्रवासाला निघताना दही वेगळ्या डब्यात.

आत्याबाई

आमच्याकडं गंगेवर जाताना धपाटे नसायचे, गुळाच्या दशम्या असायच्या. दुधात भिजवलेल्या. तीन दिवस राहतात.

धपाटे_दही

आत्या, दशमी दुसऱ्या दिवसासाठी, धपाटा त्याच दिवसासाठी. दोन्ही न्यावं. यात भांडण नाही.

गंगथडीकर

सगळं वाचलं. गोड वाटलं, आणि थोडा रागही आला. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मी पाथरी तालुक्यातला, ढालेगाव बंधाऱ्याच्या जवळचा शेतकरी. तुम्ही ज्या वाळवंटाची आठवण काढता, ते आमच्यासाठी नदी आटल्याची खूण होतं. मार्च उजाडला की धार बारीक, एप्रिलमध्ये झिरे, मे महिन्यात झिऱ्यालाही रांग. तुम्ही वाटीनं पाणी प्यायलात सुट्टी म्हणून, माझ्या आईनं त्याच झिऱ्यातून घागरी भरल्या, रोज, रात्री दोनला उठून, कारण दिवसा झिरा भरायला वेळ लागायचा.

मग पैठणला जायकवाडी धरण झालं. १८ ऑक्टोबर १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिराजींच्या हस्ते उद्घाटन. डावा कालवा २०८ किलोमीटर, आमच्या परभणीपर्यंत. तरी नदीच्या अगदी काठावरच्या शेतांना त्याचा उपयोग नव्हता, कालवा वरून जायचा. आम्हाला खरं पाणी दिसलं ते बंधारे झाल्यावर. आपेगाव, हिरडपुरी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, पुढं विष्णुपुरी, बळेगाव, बाभळी अशी रांगच आहे. आता आमच्याकडं दिवाळीनंतरही पाणी थोपलेलं असतं. विहिरीला पाणी, जनावरांना पाणी. माझी बायको डोक्यावर घागर घेऊन गंगेत उतरत नाही, याचा मला आनंद आहे.

वाळू गेल्याचं दुःख मलाही आहे. पण पात्र मोकळं आणि कोरडं असावं म्हणजे पुण्याच्या पोरांना खेळता येईल, हे मला पटत नाही.

मांजराकाठ

+१. आम्ही लातूरकर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमची मांजरा कशी होती ते विचारू नका. त्यात खेळायला वाळू भरपूर होती.

पात्रवाचक

@गंगथडीकर यांचं म्हणणं बरोबर आहे, पण यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या करायला हव्यात. मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे.

पाणी थोपलं म्हणून वाळू दिसत नाही, ही एक गोष्ट. वाळू उरलीच नाही, ही दुसरी. धरण आणि बंधारे वरून वाहत येणारी वाळू अडवतात, त्यामुळं खाली नवी वाळू कमी येते. जी होती ती उपशात गेली. रात्रीच्या टिप्परनं कुणाकुणाच्या घराला गेली ते आपण सगळे जाणतो, आपल्याही घराच्या स्लॅबमध्ये ती असेल. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो, उन्हापासून वाचवतो आणि काठच्या विहिरींना हळूहळू देतो. थर गेला की खाली चिकणमाती आणि खडक उघडा पडतो, वेडी बाभूळ माजते, पाणी आलं तरी मुरत नाही. तुमच्या आईंच्या झिऱ्याला रात्री पाणी भरायचं ते त्याच वाळूमुळं. म्हणजे वाळू शेतकऱ्याच्याच कामाची होती. बंधारा असावा आणि वाळूही असावी, असं म्हणणारा माणूस पाण्याच्या विरोधात नाही.

गंगथडीकर

@पात्रवाचक साहेब, हे मान्य. आमच्या गावातल्या जुन्या विहिरी पात्रापासून लांब असूनही पाणी धरायच्या, आता बंधारा रिकामा केला की महिन्यात तळ दिसतो. बंधाऱ्यात पाणी असेतोवर आम्ही विसरतो, एवढंच.

सिंदफणा

जायकवाडीत वरून हक्काचं पाणी सोडत नाहीत, नाशिक-नगरची धरणं आधी भरतात, समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे तरी दरवर्षी कोर्टात जावं लागतं, त्यावर कुणीच का बोलत नाही?

आत्याबाई

बाळा, त्यावर बोलायला वेगळा धागा काढ, मी पहिली येते. इथं पोरांना कुठं न्यायचं ते ठरू दे.

काठावरचं_गाव

पहिल्यांदाच लिहितोय इथं.

माझं लहानपणाचं गाव नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या पोटात आहे. शंभरावर गावं गेली, त्यातलं एक. तुमच्या घाटाला पाणी आहे की वाळू आहे याची चर्चा वाचताना वाटलं, आपल्याला तर घाटच नाही.

आमच्या गावालाही नदीकाठ होता. वडाचं झाड, त्याखाली म्हसोबा, पलीकडं भोयांची चार घरं. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या आमच्याकडं मुक्कामाला असायच्या. मी तेव्हा दुसरीत. सामान गाडीत भरलं त्या दिवशी वडिलांनी घराची चौकट काढून घेतली, दारं काढली, तुळया काढल्या. आजी मात्र तुळशीवृंदावनापाशी बसून राहिली. नव्या वसाहतीत आम्ही आखलेल्या प्लॉटवर, नदीपासून कितीतरी लांब राहायला गेलो. आजी नंतर फार वर्षं जगली, पण स्नान करताना "गंगा, भागीरथी" म्हणायची आणि पूर्वेकडं बघायची. नदी आता दक्षिणेला होती, तिच्या मनात ती अजून जुन्या घराच्या पूर्वेला होती.

दुष्काळाच्या वर्षी पाणी खूप खाली गेलं तेव्हा वडील आम्हाला घेऊन गेले. भेगाळलेला गाळ, त्यात जोत्याचे दगड. वडिलांनी आमचं घर बरोबर ओळखलं. तिथं बसून आम्ही घरून नेलेल्या भाकरी खाल्ल्या. माझ्या पोरांनी विचारलं, इथं कशाला जेवायचं? वडील म्हणाले, आपलं स्वयंपाकघर इथं होतं.

धरणाला माझा विरोध नाही. @गंगथडीकर, तुमच्या शेतात पाणी येतं हे वाचून बरं वाटलं. खरंच. आमचं गाव कुणाच्यातरी कामी आलं. पण ते कुणाला तरी माहीत असावं, म्हणून लिहिलं.

गंगथडीकर

दादा, नमस्कार करतो तुम्हाला. आमच्या आईच्या डोक्यावरची घागर खाली उतरली ती तुमच्या घराच्या जोत्यावर. हे मी पोरांना सांगेन.

वाकळ

🙏

रोहित_थवा

@काठावरचं_गाव, तुमचं वाचून मग माझी माहिती द्यावी की नाही असं झालं. तरी देतो, कारण मूळ प्रश्नाला धरून आहे.

नाथसागराचा फुगवटा १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी उथळ होत जातं तसे हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, निरनिराळी बदकं. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरुवात, डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात चांगलं. पोरं लहान असतील तर दुर्बीण आणा, एकाला एक नको, दोन-तीन मिळून बघू द्या, त्यात जास्त मजा येते. दिवाळीत आलात तर यातलं फारसं दिसणार नाही. काठानं चालताना गाळात पाय टाकू नका, वरून सुकलेला दिसतो, आत गुडघ्यापर्यंत जातो.

बिंदुसरा

काळजीचं एक सांगून ठेवतो. मी बीडचा. आमची बिंदुसरा बहुतेक वर्षं एवढीशी असते की परगावचा माणूस नदी कुठंय विचारतो. तीच १९८९ च्या जुलैमध्ये शहरात घुसली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, पावसाळ्यानंतर लगेच नदीत पोरं उतरवायची नाहीत.

गंगेला तर वरून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. २००६ साली पैठणमध्ये काय झालं ते @नाथगल्ली यांच्या घरच्यांना ठाऊक असेल. दिवाळीच्या आसपास धरण भरलेलं असतं, दारं कधीही उघडू शकतात. दुसरं, वाळू उपसलेले खड्डे. वरून पाणी शांत, गुडघाभर वाटतं, एक पाऊल पुढं टाकलं की डोह. आपण लहानपणी ज्या भरवशावर पाण्यात शिरायचो तो भरवसा आता तळाचा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नव्या जागी स्थानिक भोई विचारल्याशिवाय उतरू नये.

नाथगल्ली

२००६ ला आमच्या गल्लीत पाणी होतं. आईला माडीवरून काढलं. त्यामुळं @बिंदुसरा यांचं शंभर टक्के मान्य. दिवाळीचा बेत रद्द, सगळ्यांना नाताळच्या सुट्टीत आणतो. आता जागा सांगा.

आत्याबाई

जागेआधी माझं एक ऐक. मी सासुरवाशीण पैठणची, माहेर शहागडकडचं. आमच्या सासूबाई नातवंडांना वाळवंटात घेऊन बसायच्या आणि नाथांची, म्हणजे संत एकनाथांची गोष्ट सांगायच्या. भर दुपारी नाथ गंगेवरून परत येत होते, तापलेल्या वाळूत एक पोर आईमागं धावताना मागं राहिलं, पाय भाजून रडत उभं होतं. अंत्यजाचं पोर म्हणून कुणी हात लावेना. नाथांनी उचललं, कडेवर घेतलं, त्याच्या घरी नेऊन दिलं. एवढं सांगून झालं की सासूबाई म्हणायच्या, आता अनवाणी त्या दगडापर्यंत जाऊन या. पोरं जायची, उड्या मारत, ओरडत परत यायची. मग विचारायच्या, किती भाजलं? आता सांगा, त्या पोराला उचलायला किती जण थांबले असते?

माझ्या मुलानं मोठेपणी कधी जातपात पाळली नाही. मला वाटतं त्याला ते त्या वाळूनं शिकवलं. माझ्या नातवाला मी गोष्ट सांगते तेव्हा तो विचारतो, आजी, नदीत गरम वाळू कशी असेल, नदीत तर पाणी असतं. तेव्हा नाथगल्लीतल्या बाळा, तुला वाळू हवीशी वाटते ते उगाच नाही. पोरांना गोष्ट कळायला पायाखाली काहीतरी लागतं. गावातल्या नाथांच्या वाड्यात, देव श्रीखंड्या होऊन पाणी भरायचा म्हणतात तो रांजण तरी दाखव. तुकाराम बीजेपासून लोक त्यात पाणी ओततात, तो भरून वाहिला की षष्ठीचा सोहळा सुरू. पोरांच्या हातून कधीतरी एक घागर ओतून घे.

पात्रवाचक

आत्याबाई, ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली, दगडापर्यंत चालत जाऊन यायचं कुणी सांगितलं नव्हतं.

जागेबद्दल माझं मत. घाटावर बसायचं असेल, आईंचे गुडघे दुखत असतील तर पैठण किंवा नांदेड. नांदेडला विष्णुपुरीचं काळेश्वर चांगलं, देवळाच्या पायऱ्यांवरून जलाशय दिसतो. मुदगलला पात्रातच मुदगलेश्वराचं देऊळ आहे, पण बंधाऱ्यात पाणी किती आहे ते विचारून जावं. राक्षसभुवनला शनीचं देऊळ आणि मोकळा काठ. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाला तिथंच हरवलं, मोठ्या पोरांना इतिहासाची आवड असेल तर अर्धा दिवस सहज जातो. बाभळीची दारं कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात, नंतर बंद, म्हणजे नाताळात तिथं वाळवंट शोधू नका. बंधाऱ्याच्या अगदी खालच्या बाजूला मात्र डिसेंबरात अजून वाळूचे पट्टे उघडे पडतात. लांबलचक नाही, पण आहेत. बंधारानिहाय वेगळे, वर्षानुसार वेगळे. त्यासाठी तिथला माणूस हवा.

गंगथडीकर

तिथला माणूस मी आहे.

@नाथगल्ली, पुण्याच्या पोरांबद्दल जे लिहिलं ते तुमच्या पोरांना उद्देशून नव्हतं. नाताळाच्या सुट्टीत आमच्याकडं या. शेत गंगेला लागून आहे. बंधाऱ्याच्या खाली आमच्या बाजूला अर्धा एकर तरी वाळू शिल्लक आहे, गावानं भांडून राखलीय, टिप्परला रस्ताच ठेवला नाही. पाणी तिथं पोरांच्या पोटरीपर्यंत असतं, आमची पोरं रोज उतरतात, खड्डा कुठं आहे ते त्यांना पाठ आहे. माझा मोठा मुलगा तुमच्या पोरांबरोबर राहील.

तेव्हा ज्वारी हुरड्यात आलेली असेल. आगटी मी पेटवतो. गूळ, दही, लसणाची चटणी, शेंगदाणे, सगळं घरचं. तुम्ही फक्त धपाटे आणा, ते करायचं तुम्ही इथं सगळ्यांसमोर कबूल केलंय. आईंना माझ्या आईशेजारी बसवू, दोघींचं बोलणं संपणार नाही. झिरा खणायचा तर माझ्या आईला सांगा, जागा ती दाखवेल.

@काठावरचं_गाव दादा, तुम्हीही या. वडील असतील तर त्यांना घेऊन या.

काठावरचं_गाव

वडील आहेत. ऐंशी पार केलीय, पण गाडीत बसवलं तर येतील. त्यांना सांगितलं, तर लगेच विचारलं की त्या बाजूला नदी उत्तरेला आहे की दक्षिणेला.

गंगथडीकर

आमच्या शेतापासून दक्षिणेला. खाट बांधावर टाकतो, समोर गंगाच दिसेल.

नाथगल्ली

ठरलं. भाऊ, निरोप पाठवलाय, पत्ता तिथं द्या. ट्रॅव्हलर पैठणहून पहाटे निघेल. बहिणीला ज्वारीचं पीठ दळून आणायला सांगितलंय, जास्त ज्वारी, थोडी कणीक, थोडं बेसन.

धपाटे_दही

फडकं सुती घ्या. पॉलिस्टरचं तव्याला चिकटतं.

जनीचं_खेड

पाथरी गंगाखेडहून लांब नाही. मी दोन डबे दशम्या आणि चार माणसं घेऊन येतोय, कुणाची हरकत?

आत्याबाई

दशम्या गुळाच्या आण.